चिंध्यांतून साखर : रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो

घरातील जुनी वर्तमानपत्रे, भरलेल्या वह्या, फाटकी पाकिटे आणि बांधणीतून सुटलेली पुस्तके यांचा ढीग साचला की आपण रद्दीवाल्याला हाक मारतो. तो तागडीत तोलून रद्दी घेऊन जातो, चार पैसे हातावर ठेवतो, आणि त्या कागदांशी आपला संबंध संपतो. परंतु त्या ढिगाऱ्यात साखर दडलेली आहे, आणि त्या साखरेपासून मोटार चालविण्याजोगे इंधन निघू शकते, असे कोणी सांगितले तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. ती थट्टा नाही. रद्दी कागदापासून इथेनॉल, म्हणजेच शुद्ध मद्यार्क, काढता येतो हे शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केले आहे. या साऱ्या विद्येचा उगम शोधीत मागे गेले असता आपण पोहोचतो ते फ्रान्स देशातील नान्सी या गावी, 1819 साली, एका वनस्पतिउद्यानाच्या संचालकापाशी. त्याचे नाव आंरी ब्राकोनो. रसायनशास्त्राच्या इतिहासात सुप्रसिद्ध असलेल्या, पण शालेय पुस्तकांतून क्वचितच भेटणाऱ्या या पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

ब्राकोनोचा जन्म 29 मे 1780 रोजी फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांतात, कोमेर्सी या लहानशा गावी झाला. वडील वकील होते. परंतु मुलगा लहान असतानाच पित्याचे छत्र हरपले, आणि शिक्षणाची घडी नीट बसण्यापूर्वीच विस्कटली. त्यातच 1789 साली फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. ज्या वयात मुलांनी शाळेत बसावे त्या वयात, म्हणजे तेराव्या वर्षी, आंरीला नान्सी येथील एका औषधविक्रेत्याच्या दुकानी उमेदवारीसाठी ठेवण्यात आले. मुळ्या कुटणे, पाने वाळविणे, अर्क काढणे, द्रव गाळणे, तोलून पुड्या बांधणे हीच त्याची पाठशाळा झाली. त्या काळी औषधविक्रेता आणि रसायनज्ञ यांच्यात फारसे अंतर नसे. वनस्पतीच्या पोटात काय काय असते आणि ते बाहेर कसे काढावे, हे ज्याला औषधांच्या खलबत्त्यापाशी कळले त्याला पुढे प्रयोगशाळा परकी वाटत नसे. ब्राकोनोच्या आयुष्याने याची साक्ष पटविली.

पंधराव्या वर्षी तो स्ट्रासबुर्ग येथील लष्करी रुग्णालयात औषधविभागात दाखल झाला. फ्रान्स त्या वेळी शेजारच्या राजसत्तांशी झुंजत होता. जखमी सैनिक आणि अपुरी औषधे अशा वातावरणात त्याची उमेदीची वर्षे गेली. पुढे 1801 साली तो पॅरिसला गेला आणि तेथील नामवंत अध्यापकांची व्याख्याने ऐकून त्याने आपले ज्ञान पक्के केले. पॅरिस हे तेव्हा रसायनविद्येचे माहेरघर होते. लाव्वाझिए या थोर शास्त्रज्ञाला 1794 साली वधस्तंभावर जावे लागले होते, परंतु त्याने शिकविलेली तराजूची शिस्त मागे राहिली होती. प्रयोगापूर्वी वजन करावे, प्रयोगानंतर वजन करावे, आणि वजन जे सांगेल ते मान्य करावे, ही ती शिस्त. ब्राकोनोने ती जन्मभर पाळली.

पॅरिसमध्ये राहिला असता तर कदाचित मोठी पदे त्याच्याकडे चालत आली असती. पण तो नान्सीला परतला आणि तेथेच स्थिरावला. लोरेनचा ड्यूक स्तानिस्लास याने 1758 साली त्या शहरात एक वनस्पतिउद्यान स्थापन केले होते. 1807 साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ब्राकोनोची त्या उद्यानाच्या संचालकपदी नेमणूक झाली. राजधानीतील विद्वत्सभांचा गजबजाट, श्रीमंत प्रयोगशाळा आणि साहाय्यकांचा ताफा यांपासून दूर, एका प्रांतिक शहरातील बागेच्या आश्रयाने त्याने जवळजवळ अर्धशतक संशोधन केले. त्याचे साहित्य म्हणजे भोवतालच्या वस्तू : अळंबी, ओकच्या झाडावरील गाठी, फळे, बिया, लोकर, लाकडाचा भुसा आणि जुन्या कापडाच्या चिंध्या. ज्यांच्याकडे इतरांचे लक्षही जाणार नाही अशा या वस्तू त्याच्या टेबलावर मानाने येऊन बसल्या.

1819 सालच्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी त्या काळातील एक मोठी अडचण समजून घेतली पाहिजे. नेपोलियन आणि इंग्लंड यांच्यातील युद्धामुळे समुद्रमार्गे युरोपात येणारी उसाची साखर दुर्मिळ झाली होती. साखर कशापासून मिळेल, हा प्रश्न केवळ विद्वानांचा उरला नव्हता. तो सरकारचा आणि घराघरातील स्वयंपाकघराचा प्रश्न झाला होता. बीटच्या कंदापासून साखर काढण्याच्या धंद्याला फ्रान्समध्ये याच काळात राजाश्रय मिळाला. 1811 च्या सुमारास रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे किर्खहोफ नावाच्या रसायनज्ञाने पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, सौम्य गंधकाम्लात उकळून त्यापासून गोड द्रव तयार केला. ही वार्ता युरोपभर पसरली. पिठापासून साखर होते, मग लाकडापासून का होऊ नये, असा प्रश्न विचारणे आज सोपे वाटते. त्या काळी लाकूड आणि पीठ यांत काही नाते असेल अशी कल्पनाही सहजासहजी कोणाच्या मनात येत नसे. पीठ खाऊन माणूस जगतो. लाकूड खाऊन वाळवीवाचून कोण जगतो?

ब्राकोनोने भुशावर आणि चिंध्यांवर तीव्र गंधकाम्लाची क्रिया करून पाहिली. जुन्या तागी कापडाच्या चिंध्या बारीक करून त्याने त्यांत हे आम्ल थोडे थोडे मिसळले. आम्ल एकदम ओतले तर मिश्रण तापून कोळसा होतो. म्हणून ते सावकाश घालावे लागते आणि सारखे घोटावे लागते. हळूहळू चिंध्यांचे धागे विरघळले आणि एक चिकट, डिंकासारखा लगदा तयार झाला. तो त्याने पाण्यात कालविला. आम्ल काढून टाकण्यासाठी त्यात खडूची भुकटी घातली असता आम्ल आणि खडू यांच्या संयोगाने जिप्सम तयार होऊन तळाशी बसला. वरचा द्रव गाळून आटविला असता डिंकासारखा एक पदार्थ हाती आला. येथपर्यंतचे कामही लहान नव्हते. परंतु ब्राकोनो येथे थांबला नाही. तो डिंकासारखा पदार्थ सौम्य केलेल्या आम्लात त्याने कित्येक तास उकळला. आता जे मिळाले ते गोड होते. ती साखर होती, आणि द्राक्षात व स्टार्चपासून केलेल्या पाकात जी साखर असते तिच्याशी ती जुळत होती.

याहून नवलाची गोष्ट तराजूने सांगितली. मिळालेल्या साखरेचे वजन मूळ चिंध्यांच्या वजनापेक्षा अधिक भरले! जादूटोणा मानणाऱ्याला येथे चमत्कार दिसला असता. शिस्तीने वजन करणाऱ्या रसायनज्ञाला मात्र त्यातून एकच निष्कर्ष काढता येतो : आणखी काहीतरी वस्तू येऊन मिळाली असली पाहिजे. ही वस्तू पाणी होय, हे आज आपल्याला ठाऊक आहे. कापसाचा धागा, तागाचा धागा, लाकूड आणि कागद यांचा मुख्य घटक सेल्युलोज आहे. ग्लुकोज नावाच्या साखरेचे शेकडो, हजारो कण एकमेकांत गुंफून झालेली ती एक लांबलचक साखळी आहे. साखळीतील प्रत्येक कडी सुटताना पाण्याचा एक रेणू आत घेते. म्हणून 162 भाग सेल्युलोज 18 भाग पाण्याशी संयोग पावून 180 भाग साखर होते. गंधकाम्ल हे काम जलद घडवून आणते, पण स्वतः खर्च होत नाही. ब्राकोनोला ही साखळी ठाऊक नव्हती. सेल्युलोज हे नावदेखील तोवर जन्माला आले नव्हते. तरीही त्याचा तराजू खरे तेच सांगत होता.

येथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासूनच होत असे. चिंध्या गोळा करणारे लोक दारोदार हिंडत. त्या चिंध्या कुजवून, कुटून, त्यांचा लगदा करून कागदाचे ताव काढीत. आपल्याकडेही दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात असाच हातकागद तयार होत आला आहे. तेव्हा ब्राकोनोने ज्या चिंध्यांची साखर केली त्याच चिंध्यांचा एरव्ही कागद झाला असता. कापडाची चिंधी, कागदाचा ताव आणि लाकडाचा भुसा ही एकाच द्रव्याची तीन रूपे आहेत. म्हणून रद्दीपासून मद्यार्क करण्याच्या विद्येचा पहिला धडा या नान्सीच्या प्रयोगात आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

मग त्याच वर्षी चिंध्यांचे साखर कारखाने का उभे राहिले नाहीत? कारण सरळ आहे. काचपात्रात जे साधते ते बाजारात परवडतेच असे नाही. चिंधी मुरविण्यासाठी तीव्र आम्ल पुष्कळ लागते. ते आम्ल मारण्यासाठी खडू पुष्कळ लागतो. जिप्समचा ढीग उरतो. आणि एवढे करून जी साखर मिळते तिला बीटच्या साखरेशी स्पर्धा करावी लागते. शिवाय चिंध्यांना कागदाच्या कारखान्यात मागणी होतीच. शोध खरा होता, पण त्याचा काळ आला नव्हता.

त्यानंतरही ब्राकोनोचे संशोधन अखंड चालू राहिले. हीच गंधकाम्लाची युक्ती त्याने 1820 साली प्राणिज पदार्थांवर वापरली. सरसापासून त्याला एक गोड स्फटिकरूप द्रव्य मिळाले. गोडीमुळे त्याला ती साखरच वाटली. पुढे कळले की ती साखर नव्हती, त्यात नायट्रोजन होता. आज आपण तिला ग्लायसिन म्हणतो. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनलेली असतात त्यांपैकी हे एक होय. मांसतंतू आणि लोकर यांपासून त्याने ल्युसिन हे दुसरे अमिनो आम्ल वेगळे केले आणि त्याच्या शुभ्रतेवरून त्याला ते नाव दिले. याच्या आधी, 1811 साली, अळंब्यांतून त्याने जे द्रव्य काढले होते तेच पुढे कायटिन म्हणून प्रसिद्धीस आले. झुरळाचे कवच आणि खेकड्याची पाठ याच द्रव्याने घट्ट झालेली असते. 1825 साली त्याने फळांतील गोठणाऱ्या द्रव्याचा अभ्यास केला आणि त्यातून पेक्टिन हा शब्द शास्त्रात रूढ झाला. पेरूची जेली थिजते ती या पेक्टिनमुळेच. 1832-33 च्या सुमारास त्याने स्टार्च आणि लाकडाचे तंतू यांवर तीव्र नत्राम्लाची क्रिया केली, तेव्हा चटकन पेट घेणारे एक द्रव्य हाती लागले. याच वाटेने पुढे जाऊन 1846 साली शोनबाइन याने कापसाचा स्फोटक पदार्थ केला. एकाच कापसाच्या धाग्यातून एका आम्लाने साखर निघावी आणि दुसऱ्याने स्फोटक द्रव्य निघावे, ही सृष्टीची केवढी विलक्षण लीला!

1823 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ब्राकोनोला आपला पत्रव्यवहारी सदस्य म्हणून निवडले. पत्रव्यवहारी अशासाठी की तो राजधानीत राहत नव्हता. मान मिळाला, तरी त्याने आपली जागा सोडली नाही. जानेवारी 1855 मध्ये, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, नान्सी येथेच त्याचे देहावसान झाले. त्या शहरातील एका रस्त्याला त्याचे नाव दिलेले आहे.

त्याच्या हयातीतच त्याच्या शोधाचे धागे इतरांनी पुढे नेले होते. 1838 साली आन्सेल्म पायां या फ्रेंच रसायनज्ञाने निरनिराळ्या वनस्पतींच्या तंतूंमध्ये एकच द्रव्य असल्याचे दाखविले. सेल्युलोज हे नाव त्यातूनच आले. ब्राकोनोच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, 1857 साली, लुई पाश्चर याने किण्वनाविषयीचा आपला निबंध सादर केला. साखर आंबून तिचे मद्य होते ते सूक्ष्म जीवांच्या जीवनव्यापाराने, हे त्याच्या संशोधनाने सिद्ध झाले. आता दोन्ही दुवे जुळले. लाकडाची साखर ब्राकोनोने दाखविली होती. साखरेचा मद्यार्क कसा होतो हे पाश्चरने उलगडले. मळीपासून स्पिरिट काढणारे आपल्याकडील कारखाने ज्यांनी पाहिले असतील त्यांना दुसरा दुवा परिचित आहे. पहिला दुवा अवघड होता, आणि तो आजही अवघडच आहे.

1898 साली जर्मनीत लाकडापासून व्यापारी प्रमाणावर मद्यार्क काढण्याचा पहिला प्रयत्न झाला. सौम्य आम्लाच्या त्या पद्धतीने 100 किलो लाकडाच्या टाकाऊ भागापासून साडेसात लिटरच्या आसपास मद्यार्क मिळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतही असे कारखाने चालले, आणि युद्ध संपल्यावर बंद पडले. पुढे 1931 सालच्या नोबेल पारितोषिकाचा एक मानकरी फ्रीडरिख बर्गिउस याने तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने लाकडाची साखर करण्याची पद्धत जर्मनीत विकसित केली. युद्धाच्या टंचाईत असे कारखाने उभे राहावेत, आणि स्वस्त खनिज तेल व स्वस्त मळी मिळू लागताच ते मागे पडावेत, असा हा इतिहास आहे. आम्लाने यंत्रे झिजतात आणि तयार झालेली साखरही काही अंशी बिघडते, ही या पद्धतींची जन्मजात व्याधी होती.

या व्याधीवरचा उतारा अनपेक्षित ठिकाणी सापडला. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे झपाट्याने कुजू लागले. सॉलोमन बेटांवरील तंबूच्या कापडावर सापडलेली एक बुरशी त्या नाशामागील कारणांपैकी होती. सेल्युलोजची साखळी तोडणारी विकरे ती आपल्या शरीराबाहेर सोडते आणि सुटलेली साखर खाऊन जगते. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स या शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील नाटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत या बुरशीचा दीर्घ अभ्यास केला. कापड वाचविण्यासाठी सुरू झालेले हे संशोधन पुढे उलट दिशेला वळले. शत्रू म्हणून ओळख झालेल्या बुरशीला चाकरीस ठेवून 1970 नंतरच्या दशकात त्यांनी दळलेल्या वर्तमानपत्री रद्दीपासून ग्लुकोज तयार केले. रीसच्या सन्मानार्थ 1977 साली त्या बुरशीला ट्रायकोडर्मा रीसेई हे नाव मिळाले. ब्राकोनोने जे काम तीव्र आम्लाने केले, तेच ही बुरशी कोमट पाण्यात, शांतपणे करते.

आता रद्दीपासून इंधन कसे होते ते थोडक्यात पाहू. कागद फाडून, भिजवून त्याचा लगदा करतात. सौम्य आम्ल किंवा उष्णता यांनी तंतू सैल करतात. मग विकरे घालून कोमट ठेवतात, म्हणजे सेल्युलोजची साखर होते. त्यात यीस्ट घातले की साखर आंबते. कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि पाण्यात मद्यार्क उरतो. तो ऊर्ध्वपातनाने वेगळा करून उरलेले पाणी काढून टाकले की इंधनाचे इथेनॉल तयार होते. गणिताने पाहिले तर 100 किलो शुद्ध सेल्युलोजपासून सुमारे 111 किलो ग्लुकोज, आणि त्यापासून सुमारे 57 किलो, म्हणजे 72 लिटर इथेनॉल मिळावयास हवे. प्रत्यक्षात याहून कमीच हाती येते, कारण कागदात सेल्युलोजखेरीज चिकणमाती, खडू, शाई आणि लिग्निन असते. लिग्निन हे लाकडातील तंतूंना सांधून धरणारे द्रव्य होय. वर्तमानपत्राच्या कागदात ते पुष्कळ राहिलेले असते, म्हणूनच तो कागद उन्हात पिवळा पडतो आणि त्याचे तंतू विकरांना सहजी दाद देत नाहीत. लिहावयाच्या पांढऱ्या कागदातून ते बहुतेक काढून टाकलेले असते. तो कागद त्या मानाने लवकर विरघळतो.

तर मग सगळ्या रद्दीचे इंधनच करावे काय? आमच्या मते तसे करणे शहाणपणाचे होणार नाही. जुन्या कागदाचा पुन्हा कागद होतो, आणि त्यामुळे नवी झाडे तोडण्याची गरज तेवढी कमी होते. परंतु प्रत्येक फेरीत तंतू आखूड होत जातात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यांत कागद धरून ठेवण्याचे बळ उरत नाही. असा थकलेला, तेलकट, मळलेला कागद, आणि कागद कारखान्यांच्या सांडपाण्यात वाहून जाणारा तंतूंचा गाळ, हा इंधनाचा खरा कच्चा माल होय. ज्या वस्तूचा दुसरा उपयोग उरलेला नाही तिचा हा शेवटचा उपयोग. आपल्या देशातही सेल्युलोजच्या टाकाऊ मालापासून इंधन करण्याचे काम सुरू झाले आहे. हरियाणातील पानिपत येथे तांदळाच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचा कारखाना 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आला. दरवर्षी सुमारे 2 लाख टन पेंढा वापरून 3 कोटी लिटर इथेनॉल तयार करावे, अशी त्याची योजना आहे. जो पेंढा शेतात जाळला गेला असता आणि ज्याच्या धुराने आसमंत भरून गेला असता, त्याला तेथे किंमत मिळावी हा त्यामागील हेतू आहे. पेंढा काय, रद्दी काय आणि नान्सीच्या चिंध्या काय, आतील द्रव्य एकच आहे.

विद्यार्थिमित्रहो, ब्राकोनोच्या चरित्रात रणांगणे नाहीत, सिंहासने नाहीत आणि मोठी संपत्तीही नाही. तेराव्या वर्षी शाळा सुटलेला एक मुलगा खलबत्त्यापाशी बसून शिकला, आणि लहान गावातील एका बागेत राहून चिंधीसारख्या तुच्छ वस्तूला त्याने एक नेमका प्रश्न विचारला. मिळालेले उत्तर त्याने प्रामाणिकपणे तोलून जगापुढे ठेवले. त्या उत्तराचा उपयोग त्याच्या डोळ्यांदेखत झाला नाही. तो शोध कारखान्यात नेण्याची खटपट त्याच्यानंतर पिढ्यान् पिढ्या चालली आणि ती अद्याप पुरी झालेली नाही. कारण स्वस्तात, स्वच्छपणे आणि भरपूर प्रमाणात हे इंधन काढण्याची कला माणसाला अजून पुरती साधलेली नाही. ते काम उद्याच्या विद्यार्थ्यांसाठी शिल्लक आहे. परीक्षा संपल्यावर जुन्या वह्या रद्दीत टाकताना त्या ढिगाकडे क्षणभर निरखून पाहावे. दोन शतकांपूर्वी एका माणसाने त्यात साखर पाहिली होती. कदाचित आपल्यापैकीच कोणाला तीत आणखी काही दिसेल.